आसा राजाची शेवटची सहा वर्षे

(अभ्यासाचा शास्त्रभाग : २ इतिहास, अध्याय १४, १५ व १६)

शेतकऱ्यास कोणी विचारले, "यंदा पीक कसे आहे?" तर शहाणा शेतकरी शेताकडे बोट दाखवून बढाई मारीत नाही. दाणा खळ्यावर येऊन पडेपर्यंत तो "बरे आहे, पुढचे देवाच्या हाती," एवढेच बोलतो. पेरणी साधली, पाऊस वेळेवर झाला, कणसे भरली, आणि तरीही ऐन काढणीच्या तोंडी गारांनी किंवा चिकट्याने हातचे पीक गेल्याचे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले असते. ख्रिस्ती मनुष्याच्या आयुष्याची गोष्टही अशीच आहे. बाप्तिस्म्याच्या दिवसाचा आनंद ही पेरणी होय. पीक अद्याप शेतात उभे आहे.

नव्या विश्वासणाऱ्यांस कोणकोणत्या परीक्षा येतात, ह्याविषयी मंडळ्यांत पुष्कळ शिकविले जाते, आणि ते योग्यच आहे. भाऊबंद तुटतात, पाणवठ्यावर बोल ऐकावे लागतात, मुलीस स्थळ मिळत नाही. अशा वेळी नव्या मनुष्यास आधार पाहिजे. परंतु ज्यांस प्रभूच्या सेवेत वीस, पंचवीस, तीस वर्षे झाली, जे आज उपदेशक, वडील, शिक्षक किंवा बायबल-बाई म्हणून मंडळीपुढे उभे आहेत, त्यांस कोणता धोका आहे, ह्याविषयी आम्ही फारसे बोलत नाही. जणू काय केस पिकले म्हणजे सैतान आपला पिच्छा सोडतो! पवित्र शास्त्र तसे सांगत नाही. म्हणून ह्या खेपेस आम्ही वाचकांपुढे यहूदाच्या आसा राजाचे चरित्र ठेवीत आहो. हा लेख पुढे वाचण्यापूर्वी वर दिलेले तीन अध्याय कोणी तरी मोठ्याने वाचावेत आणि बाकीच्यांनी ऐकावेत, अशी आमची विनंती आहे.

१. चांगला आरंभ

आसा हा अबीया राजाचा पुत्र. तो गादीवर आला तेव्हा देशात परक्या देवांच्या वेद्या, उच्च स्थाने व मूर्तिस्तंभ ठिकठिकाणी होते. ते त्याने पाडून टाकिले आणि लोकांस परमेश्वराच्या नियमशास्त्राकडे वळविले. पहिली दहा वर्षे देशास स्वस्थता मिळाली. त्या काळात तो आळसाने बसून राहिला नाही; त्याने नगरे बांधिली, तट व बुरूज उभारिले.

पुढे जेरह कूशी दहा लाख लोक व तीनशे रथ घेऊन मारेशापर्यंत चालून आला. आसाजवळ यहूदाचे तीन लाख व बन्यामिनाचे दोन लाख ऐंशी हजार लढवय्ये होते. म्हणजे शत्रूचे बळ जवळजवळ दुप्पट. अशा प्रसंगी त्याने केलेली प्रार्थना लहानशीच आहे, पण ती प्रत्येक उपदेशकाने मनात साठवून ठेवण्याजोगी आहे. तिचा भावार्थ असा की, बळवान आणि निर्बळ ह्यांची गाठ पडते तेव्हा, हे देवा, तुझ्यावाचून साहाय्य करणारा कोणी नाही. आम्ही तुझ्यावर टेकलो आहो. परमेश्वराने त्यास जय दिला.

लढाईवरून परत येताना ओदेदाचा पुत्र अजऱ्या हा संदेष्टा त्यास सामोरा आला. तो केवळ स्तुती करावयास आला नव्हता. 'तुम्ही देवाला सोडाल तर तोही तुम्हांस सोडील,' अशा आशयाची ताकीद त्याने जयाच्याच दिवशी दिली. आसाने ती ऐकिली आणि तिच्यामुळे त्यास धीर आला. त्याने आपल्या कारकिर्दीच्या पंधराव्या वर्षी लोकांस यरुशलेमेत एकत्र करून जिवेभावे परमेश्वराचा शोध करण्याचा करार केला. राजमाता माका हिने अशेरा देवीची मूर्ती केली होती, म्हणून त्याने घरच्या मायेची पर्वा न करता तिला पदावरून काढिले आणि ती मूर्ती किद्रोन ओहळाजवळ जाळिली. शिवाय आपल्या बापाने वाहिलेले व आपण स्वतः वाहिलेले रुपे व सोने त्याने परमेश्वराच्या मंदिरात आणून ठेविले. वाचकांनी ही शेवटली गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचे कारण लवकरच येईल.

२. छत्तिसाव्या वर्षाचा प्रसंग

पस्तीस वर्षे अशी गेली. छत्तिसाव्या वर्षी इस्राएलाचा राजा बाशा ह्याने रामा हे नगर बांधावयास घेतले. (राजांच्या पुस्तकातील बाशाच्या वर्षांशी ही गणना जुळविण्यास अडचण पडते, आम्ही येथे इतिहासाच्या पुस्तकाचीच गणना धरिली आहे.) रामा हे यरुशलेमेच्या उत्तरेस सुमारे पाच मैलांवर, हमरस्त्यावर आहे. तेथे तटबंदी झाली म्हणजे आसाकडे जाण्यायेण्याची वाट बंद. संकट खरे होते, ह्यात शंका नाही. परंतु जेरहाच्या दहा लाखांपुढे ते लहान होते.

ह्या वेळी आसाने प्रार्थना केल्याचे एक अक्षरही शास्त्रात नाही. त्याने परमेश्वराच्या मंदिराच्या व राजवाड्याच्या भांडारांतून सोने-रुपे काढिले, ते दिमिष्कास अरामाचा राजा बेन-हदाद ह्याजकडे पाठविले, आणि बाशाशी असलेला करार मोडून आपणांस साहाय्य करावे असे त्यास कळविले. जे सोने त्याने तरुणपणी आपल्या हातांनी देवास वाहिले होते, त्याच भांडारात त्याने म्हातारपणी हात घातला, आणि तेथून काढिलेले धन एका परक्या राजास दुसऱ्याचा विश्वासघात करण्याचे मोल म्हणून दिले.

आता पुढची गोष्ट फार विचार करण्याजोगी आहे. ही युक्ती साधली! बेन-हदादाने इयोन, दान, आबेल-माईम ही नगरे व नफतालीची कोठारे मारिली. बाशाने रामाचे काम सोडिले. आसाने तेथील दगड व लाकडे आणून गेबा व मिस्पा ही नगरे बांधिली. मनुष्यदृष्टीने पाहता काय वाईट झाले? रक्त सांडले नाही, रस्ता मोकळा झाला, फुकटचे दगडही मिळाले. त्या दिवशी यरुशलेमेच्या वेशीत बसलेले लोक आपल्या राजाच्या शहाणपणाची वाखाणणी करीत असतील.

बंधुभगिनींनो, अपयशाने पडणाऱ्या मनुष्यास आपण पडलो हे तरी कळते. पण यशाने पडणाऱ्यास ते कळत नाही. ज्या सेवकाचे काम चालले आहे, शाळा भरत आहे, उपासनेस माणसे येत आहेत, मिशनचे वडील ज्याच्यावर खूश आहेत, त्यास आपली प्रार्थना केव्हा थांबली हे पुष्कळदा ठाऊकच नसते. बाहेरचे लोक कामाचे फळ पाहतात, परंतु परमेश्वर आपण कोणावर टेकलो आहो हे पाहतो.

३. द्रष्टा खोड्यात

तेव्हा देवाने हनानी द्रष्ट्यास पाठविले. त्याने राजास तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, तू परमेश्वरावर न टेकता अरामाच्या राजावर टेकलास. दुसरी, कूशी व लुबी ह्यांचे मोठे सैन्य तुझ्यावर आले, तेव्हा तू देवावर टेकलास आणि त्याने तुला सोडविले, हे तू विसरलास. तिसरी, ज्यांचे मन देवाशी सरळ आहे त्यांस बळ देण्यासाठी त्याची दृष्टी साऱ्या पृथ्वीवर फिरत असते. तू मात्र मूर्खपणा केलास.

अजून काहीच हातचे गेले नव्हते. राजाने "मी चुकलो" असे दोन शब्द उच्चारिले असते, तर आज ह्या अध्यायाचा शेवट निराळा वाचावयास मिळाला असता. पण आसास क्रोध आला. त्याने देवाच्या सेवकास खोड्यात घातले. आणि त्याच सुमारास त्याने प्रजेतील काही जणांवर जुलूम केला, असे शास्त्र सांगते. ही दोन्ही कृत्ये एकाच वचनात आली आहेत, हे उगाच नव्हे. ज्याने सत्य बोलणाऱ्याचे तोंड बंद केले, त्याचा हात गरिबावर पडावयास वेळ लागत नाही. कारण मध्ये उभा राहणारा कोणी उरत नाही.

ज्या आसाने तरुणपणी अजऱ्याची ताकीद ऐकून धीर धरिला, त्याच आसाने म्हातारपणी हनानीस बंदीत टाकिले. दोघेही संदेष्टे देवाचेच होते आणि दोघांचा संदेशही जवळजवळ एकच होता. फरक राजाच्या कानांत पडला होता. मधल्या वीसएक वर्षांच्या मानाने, स्तुतीने व स्वस्थतेने ते कान जड झाले होते.

४. चार राजे, एकच खूण

इतिहासाचे दुसरे पुस्तक पुढे वाचीत गेले असता चांगला आरंभ करून वाईट शेवट केलेले आणखी तीन राजे आढळतात. वाचकांनी ती स्थळे पडताळून पाहावीत.

योवाश (अध्याय २४) : ह्याने मंदिराची डागडुजी केली, परंतु यहोयादा याजक वारल्यावर तो फिरला, आणि त्याच यहोयादाचा पुत्र जखऱ्या बोध करू लागला, तेव्हा राजाच्या हुकुमाने मंदिराच्या अंगणात त्यास दगडमार झाला.

अमस्या (अध्याय २५) : अदोमावर जय मिळाल्यावर ह्याने तेथल्याच मूर्ती आणून पुजिल्या. संदेष्टा बोलू लागला, तेव्हा 'तुला राजाचा मंत्री कोणी केले? गप्प बैस,' अशा अर्थाचे बोलून त्याने त्यास धमकाविले.

उज्जीया (अध्याय २६) : बळ वाढल्यावर ह्याचे मन उन्मत्त झाले आणि तो स्वतः धूप जाळावयास मंदिरात शिरला. अजऱ्या याजक ऐंशी याजकांसह त्यास अडवू लागला, तेव्हा तो संतापला. आणि संतापलेला असतानाच त्याच्या कपाळावर कोड उठले.

चौघांचे पाप निरनिराळे. एकाने भांडारातील सोने काढिले, एकाने खून करविला, एकाने मूर्ती पुजिल्या, एकाने याजकाचे काम बळकाविले. परंतु एक खूण चौघांच्याही ठायी सारखीच आहे : जो चूक दाखवावयास आला, त्याचा त्यांस राग आला. म्हणून ह्या लेखात आम्हांस जे एक सांगावयाचे आहे ते हे : शेवटपर्यंत विश्वासू राहणारा सेवक म्हणजे कधीही न चुकणारा सेवक नव्हे. असा मनुष्य प्रभु येशू ख्रिस्तावाचून कोणी झाला नाही. शेवटपर्यंत विश्वासू राहणारा तो, ज्याचे कान शेवटपर्यंत उघडे राहतात.

५. आमच्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट

ही गोष्ट सांगताना आम्हांस संकोच वाटतो, कारण तीत आमचाही दोष आहे. गावाचे व मनुष्यांचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही.

एका मंडळीत एक वृद्ध उपदेशक होते. त्यांनी तीस वर्षे पायी फिरून काम केले होते. पटकीच्या साथीत, जेथे सख्खे नातलग प्रेतास शिवावयास भीत, तेथे त्यांनी आपल्या हातांनी माणसे पुरली होती. त्या मंडळीतील बाया रोज दळणातून मूठभर ज्वारी बाजूस काढीत आणि सुगीच्या उपासनेत ती देवापुढे आणून ठेवीत. हे धान्य अडचणीतील कुटुंबांसाठी एका कणगीत साठविले जाई. एका अवर्षणाच्या वर्षी उपदेशकांच्या घरी मुलीचे लग्न निघाले. त्यांनी कणगीतील ज्वारी विकून खर्च भागविला. पुढच्या सुगीस परत घालू, असा त्यांचा हेतू होता, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. पण पुढची सुगीही बेताचीच झाली, आणि मग ती गोष्ट तशीच राहिली.

दोन वर्षांनी मंडळीच्या बैठकीत शाळेचा तरुण शिक्षक उभा राहून नम्रपणे म्हणाला, "बाबा, दुष्काळातल्या ज्वारीचा हिशेब अजून वाचला गेला नाही. तो एकदा वाचावा, म्हणजे लोकांच्या मनात काही राहणार नाही."

म्हातारे उपदेशक थरथरत उभे राहिले. "मी तुझ्या बापाला बाप्तिस्म्यासाठी तयार केले," ते म्हणाले, "आणि तू मला हिशेब विचारतोस?"

बैठक स्तब्ध झाली. आम्हीही तेथे होतो. शिक्षकाचे म्हणणे खरे आहे, हे आम्हांस ठाऊक होते. परंतु त्या वृद्धाच्या उपकारांची आठवण होऊन, आणि खरे सांगावयाचे तर वाईटपणा नको म्हणून, आम्ही खाली मान घालून बसलो. थोड्याच महिन्यांत त्या शिक्षकाची बदली झाली. कोणी केली, का केली, हे सर्वांस कळले आणि कोणी बोलले नाही. कणगीत मूठभर ज्वारी घालणे एकेका घराने हळूहळू बंद केले. ज्या विधवेस त्या कणगीचा आधार होता, तिने पुढच्या टंचाईत सावकाराकडून कर्ज काढिले.

उपदेशक वारले तेव्हा पाच गावांचे लोक प्रेतयात्रेस आले होते. आम्ही त्यांच्या सेवेचे पुष्कळ वर्णन केले आणि त्यातील प्रत्येक शब्द खरा होता. पण पुढच्या रांगेत तो शिक्षक नव्हता, आणि त्याची मुले आज कोणत्याही मंडळीत जात नाहीत.

आसाच्या उत्तरकार्याचे वर्णन वाचताना आम्हांस तो दिवस आठवतो. त्यास सुगंधी द्रव्यांनी भरलेल्या बिछान्यावर निजविले आणि त्याच्यासाठी मोठे जळण केले, असे लिहिले आहे. लोकांनी सुगंध पुष्कळ पसरविला. परंतु पवित्र शास्त्राने खोड्यातील हनानीची नोंद ठेविली. ज्यांनी त्या बैठकीत मान खाली घातली, त्यांचीही नोंद कोठे तरी असेल. शिक्षकाची क्षमा आम्ही पुढे मागितली. परंतु वेळेवर न बोललेला शब्द उशिरा बोलून पुरा होत नाही.

६. पायांचा रोग

एकुणचाळिसाव्या वर्षी आसाच्या पायांस रोग जडला व तो फार वाढला. तरी त्याने परमेश्वराचा शोध न करता वैद्यांचाच शोध केला. ह्या वचनाचा कित्येक जण भलताच अर्थ करितात, म्हणून दोन शब्द लिहिणे जरूर आहे. औषध घेणे हे पाप नव्हे. हिज्कीयाच्या गळवास यशयाने अंजिरांचे पोटीस लावविले. लूक हा पौलाचा प्रिय वैद्य होता. आपल्या महाराष्ट्रात मिरजेस डॉ. विल्यम वॉन्लेस ह्यांनी १८९४ साली मिशनचे इस्पितळ उघडिले, आणि तेव्हापासून औषध व प्रार्थना ही दोन्ही एकाच खाटेजवळ असू शकतात हे हजारोंनी अनुभविले आहे. आसाने वैद्य बोलाविला ही त्याची चूक नव्हे. त्याने देवास बोलाविले नाही ही चूक. ज्याने दहा लाखांच्या सैन्यासमोर प्रार्थना केली, त्यास खाटेवर पडल्या पडल्या एक हाक मारवली नाही. हनानीवरचा राग अजून गेला नव्हता. आणि ज्या तोंडाने देवाच्या सेवकास बंदीत धाडिले, त्या तोंडाने देवास हाक मारणे जड जाते.

ह्याच्या उलट एक उदाहरण आपल्याच देशातले पाहा. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात अनाथ मुली व विधवा ह्यांच्यासाठी किती कष्ट केले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांनी मूळ इब्री व हेल्लेणी भाषांचा अभ्यास करून, खेड्यांतील साध्या बायांस समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करावयास घेतले होते. त्यांच्या हातून पुढे काम चालविणार अशी जिच्याविषयी आशा, ती एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ साली वारली. तेव्हा रमाबाई साठी उलटलेल्या आणि प्रकृतीने खचलेल्या होत्या. ज्या शास्त्राने आयुष्यभर आधार दिला त्याच्यापासून त्या दुःखाने दूर न जाता त्याच्याच कामाला चिकटून राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेल्या. शेवटच्या वर्षातील दुःख आसासही आले, रमाबाईंसही आले. दुःखात तोंड कोणीकडे फिरते, एवढाच प्रश्न आहे.

७. ज्यांनी ऐकिले

शास्त्रात केवळ ताकिदीच आहेत असे नाही. दाविदाचे पाप आसाच्या पापाहून काळे होते. नाथान संदेष्ट्याने तोंडावर दोष दाखविला, तेव्हा राजाने तो तात्काळ पदरी घेतला. पुढे पुष्कळ वर्षांनी, दावीद म्हातारा होऊन अंथरुणास खिळला, तेव्हा राज्याच्या अडचणीच्या वेळी त्याच्या दालनात कोण येतो? तोच नाथान! (१ राजे, अध्याय १.) आसाचा द्रष्टा खोड्यात, आणि दाविदाचा संदेष्टा अखेरपर्यंत उशाशी, ह्यावरून दोघांच्या शेवटांतील अंतर कळून येते.

पेत्र हा प्रेषितांत पुढारी. अंत्युखियात तो परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवावयाचा थांबला, तेव्हा मागाहून आलेल्या पौलाने सर्वांसमक्ष त्यास दोष दिला (गलती, अध्याय २). ह्या गोष्टीचा डंख पेत्राच्या मनात राहिला असता तर नवल नव्हते. परंतु आपल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तो त्याच पौलास प्रिय बंधू म्हणतो. आमच्या खेड्यांतून पंगतीचा प्रश्न किती नाजूक आहे हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस पेत्राने काय गिळिले असेल ह्याची कल्पना येईल.

आणि आसाच्या घरातच एक समाधानाची गोष्ट आहे. त्याच्यामागून त्याचा पुत्र यहोशाफाट राजा झाला. त्यानेही एकदा अहाब राजाशी अयोग्य सख्य केले. तेव्हा त्यास दोष द्यावयास कोण आला? हनानीचा पुत्र येहू! (अध्याय १९.) ज्याच्या बापास ह्याच राजघराण्याने खोड्यात घातले, तो पुत्र तेच काम करावयास त्याच वाड्यासमोर उभा राहिला. त्याचे धैर्य थोर. पण यहोशाफाटाचे शहाणपणही थोर. त्याने येहूस हात लाविला नाही, तर तो बैर-शेब्यापासून एफ्राइमाच्या डोंगराळ प्रदेशापर्यंत पुन्हा लोकांमध्ये फिरला आणि गरिबांस न्याय मिळावा म्हणून नगरोनगरी न्यायाधीश नेमिले. बापाने जेथे जुलूम केला तेथे मुलाने न्याय बसविला. बापाची चूक मुलाने चालविलीच पाहिजे असे नाही.

८. आता आपण काय करावे?

पहिले, मंडळीचे धान्य व पैसा एका हाती ठेवू नये. दोघांनी मोजावे, दोघांनी लिहावे, आणि दर तीन महिन्यांनी हिशेब सर्वांपुढे वाचावा. हा अविश्वास नव्हे. आपल्या म्हाताऱ्या सेवकांस मोहापासून राखण्याचे हे प्रेमाचे कुंपण आहे.

दुसरे, प्रत्येक सेवकाने आपणासाठी एक हनानी निवडावा. "माझे काही चुकताना दिसले तर मला एकांतात सांगत जा, मी रागावलो तरी पुन्हा सांग," असे एखाद्या देवभीरू बंधूस किंवा भगिनीस सांगून ठेवावे. पुष्कळांच्या घरी हा हनानी त्यांची पत्नीच असते, आणि तिचेच बोलणे सर्वांत कमी ऐकिले जाते.

तिसरे, कोणी चूक दाखविली म्हणजे सांगणाऱ्याचे वय, शिक्षण, पूर्वीचे कुळ व त्याच्या स्वतःच्या चुका मोजीत बसू नये. बोललेले खरे आहे काय, एवढेच पाहावे. उत्तर देण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी.

चवथे, दुसऱ्यांसाठी प्रार्थना चालविणारा मनुष्य स्वतः प्रार्थना करितो काय, ह्याची त्याने दररोज आपणाशी विचारपूस करावी. उपासनेतील प्रार्थना लोक ऐकतात. पहाटेची प्रार्थना देवच ऐकतो. आसाची आधी हीच बंद पडली.

पाचवे, जे बैठकीत गप्प बसतात त्यांनीही विचार करावा. ज्याचे आपणांवर उपकार आहेत त्यास खरे सांगणे ही कृतघ्नता नव्हे. आपल्या गुरूचा शेवट गोड व्हावा असे ज्यास वाटते, त्याने गुरूच्या जिवंतपणी प्रेमाने बोलावे; प्रेतयात्रेत बोलून त्यास काय उपयोग?

शेवटी, ज्यांस हा लेख वाचताना आपलीच कणगी आठवली असेल, त्यांस आम्ही एवढेच सांगतो. आसाच्या सर्व चुका लिहिणाऱ्या त्याच इतिहासकाराने त्याचे मन देवाकडे होते हेही लिहून ठेविले आहे (अध्याय १५, वचन १७). देव केलेली सेवा विसरत नाही. आसास हनानी भेटल्यावरही पाच वर्षांचा अवकाश होता; तो त्याने रागात घालविला. आपणांस किती अवकाश आहे हे आपणांस ठाऊक नाही, परंतु आजचा दिवस आहे. तेव्हा वही उघडावी, ज्याचे मन दुखविले त्याच्या दारी जावे, आणि पीक खळ्यावर येण्यापूर्वी शेताची राखण पुन्हा सुरू करावी. त्या पिकाचा धनी दूर नाही.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. जेरहाच्या वेळी आसाने काय केले आणि बाशाच्या वेळी काय केले? ह्या दोहोंत मुख्य फरक कोणता?

२. युक्ती साधली असूनही हनानीने राजास दोष का दिला? जे साधते ते सर्व देवास मान्य असते काय?

३. योवाश, अमस्या व उज्जीया ह्यांच्या शेवटांत कोणती खूण सारखी आढळते?

४. आपल्या मंडळीचा हिशेब शेवटी केव्हा वाचला गेला?

५. मागील एका वर्षात आपणांस कोणी चूक दाखविली काय? आपण त्यास काय उत्तर दिले?

प्रार्थना

हे प्रभू, तू ज्यांस आपल्या कामावर लाविलेस ते आम्ही थकतो व गर्विष्ठ होतो, हे तुला ठाऊक आहे. तुझ्या नावाने जो आम्हांस खरे सांगतो, त्याजवर आमचा राग पेटू देऊ नको. आमच्या हातांस दुसऱ्याच्या मुठीतील दाण्यांपासून राख. आमचे डोळे मंद होतील, पाय जड होतील, तरी आमचे कान तुझ्यासाठी उघडे ठेव. आणि आमच्या शेवटच्या वर्षीही आम्ही पहिल्या वर्षाप्रमाणे तुझ्यावरच टेकून असावे, असे कर. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.